धरणारी आणि सोडणारी पकड



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा तिच्या व्यासपीठावर कधी काळी सातवीत शाळा सुटलेला, फिटरच्या हाताखाली वाढलेला आणि पुढे कामगार संघाचे काम करीत राहिलेला माणूस उभा राहील, असे त्यांच्या मनात आले असेल की नाही, हे आम्हांस सांगता येणार नाही. पण रानड्यांच्या त्या व्याख्यानमालेचे अनुकरण गावोगाव झाले आणि त्यामुळे आमच्यासारख्यांना ऐकायची सवय लागली. आमचे निम्मे शिक्षण अशाच मांडवांत, मागच्या सतरंजीवर बसून झाले आहे. आज पुढे बोलावलेत, म्हणून भीती वाटते. पण सतरंजीवरची माणसे ओळखीची आहेत, हा धीर आहे.

चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही म्हणालो, "बर्फावरून घसरत जाणाऱ्या लोकांच्या बुटांची पकड कशी निवडावी." ते हसले. म्हणाले, "भाऊ, आपल्या अहिल्यानगरात बर्फ मिळतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर. तिथे घसरण्याचा प्रश्न कुठे येतो?" प्रश्न रास्त होता. परंतु घसरण्याला बर्फच लागतो असे नाही. छपरावरून माणूस घसरतो, कड्यावरून घसरतो. ह्या तिन्ही ठिकाणी माणसाचा जीव एका लहानशा जोडणीवर टांगलेला असतो, आणि ती जोडणी कशी पारखावी ह्याचे शास्त्र बर्फावरच्या लोकांनी आपल्यापेक्षा अधिक बारकाईने केले आहे. म्हणून आरंभ तिथून करू. शेवट मात्र आपल्याच जिल्ह्यात होईल.

त्याआधी एक घरचा दाखला देतो. आमचे वडील पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की बैलगाडी घेऊन ऊसतोडीला निघत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बैल होते किंवा आहेत, म्हणून जू म्हणजे काय हे सांगायला नको. जुवाला दोन्ही टोकांशी शिवळा असतात आणि बैलाच्या गळ्याखालून जुपणी घेऊन ती शिवळेला अडकवतात. ही जुपणी वडील दर चार दिवसांनी हातात घेऊन, पिळून, वास घेऊन पाहत. कुजलेली असली तर वास आधी येतो, डोळ्यांना नंतर दिसते, असे ते म्हणत. त्यांची गाठही ठरलेली असे. कितीही ओढ बसली तरी ती सुटत नसे, आणि एका टोकाला हिसका दिला की क्षणात मोकळी होत असे. लहानपणी आम्ही एकदा हौसेने ती जुपणी बांधली आणि चांगली पक्की व्हावी म्हणून गाठीवर गाठ मारली. वडिलांनी ती सोडवताना एक शब्दही काढला नाही. नंतर म्हणाले, "उतारावर गाडी उलथली आन् बैल खाली आला, तर ही गाठ सोडायला येळ कोण देनार? बैल फास लागून मरंल. बांधायची अक्कल सगळ्यांना असती. सोडायचं बांधताना ध्यानात ठिवावं लागतं."

आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय वडिलांनी असा आधीच सांगून ठेवला होता. तो आम्हांस समजायला चाळीस वर्षे लागली.

आता बर्फाकडे वळू. आमच्या संघाच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा फौजेत आहे. आपले गाव छावणीचे, तेव्हा त्यात नवल नाही. त्याला गुलमर्गला शिक्षणासाठी पाठवले होते. तिथे उंच पर्वतातल्या युद्धाचे शिक्षण देणारे लष्कराचे विद्यालय आहे, आणि त्याचा आरंभ १९४८ साली बर्फावर घसरण्याच्या शिक्षणापासूनच झाला. रजेवर आल्यावर त्या मुलाने आमच्या अंगणात एक लाकडी फळी ठेवली, तिच्यावर आपला बूट ठेवला आणि तासभर आम्हांस समजावून दिले.

बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्यांना स्की म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहे. यंत्राच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायचे आणि तयार केलेल्या उतारावरून खाली घसरायचे, हा खेळाचा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात पाळणा नाही, तयार रस्ता नाही, मदतीला माणूस नाही. आपल्याच पायांनी डोंगर चढायचा आणि दुसऱ्या बाजूने उतरायचा. चढताना स्कीच्या तळाला उलट्या लवेची एक पट्टी चिकटवतात. ती पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सील नावाच्या प्राण्याच्या कातड्याची असे, आता मोहेर लोकरीची किंवा नायलॉनची असते. माथ्यावर पोचले की पट्टी काढून पिशवीत घालायची आणि उतरायला लागायचे.

आता अडचण पाहा. चढताना टाच मोकळी हवी, नाही तर पाऊल टाकता येत नाही. उतरताना टाच पक्की हवी, नाही तर स्की वळत नाही. आणि पडताना पूर्ण पाय सुटायला हवा, नाही तर ती लांबलचक पट्टी पायाला पिळा घालते आणि नडगीचे हाड मोडते. बूट आणि स्की ह्यांच्यामध्ये बसवलेल्या ह्या वीतभर वस्तूला ते लोक बाइंडिंग म्हणतात. आपण तिला पकड म्हणू. तिच्याकडून तीन परस्परविरुद्ध कामांची अपेक्षा असते, आणि तिन्ही चोख हवीत.

पूर्वीच्या पकडी फक्त धरून ठेवीत. चामड्याचे पट्टे, लोखंडी तारा आणि त्यांत जखडलेला पाय. त्यामुळे पाय मोडणे हा खेळाचाच भाग समजला जाई. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला यालमार व्हाम नावाचा एक नामांकित स्कीपटू होता. त्याचाही पाय १९३७ साली मोडला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने विचार केला की, पाय मोडण्याआधी पकडच सुटली तर? त्यातून १९३९ साली ठराविक जोरापलीकडे आपोआप सुटणारी पहिली पकड तयार झाली. ध्यानात घ्या, हा शोध कोण्या पंडिताने लावला नाही. ज्याचे हाड मोडले त्याने लावला. कारखान्यातही असेच असते. यंत्राचा दोष सर्वांत आधी त्याला कळतो ज्याचे बोट त्यात जाते. फक्त त्याला कोणी विचारीत नाही.

पुढे १९८०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या फ्रिट्झ बार्थेल ह्या तरुणाने चढाईच्या जड सरंजामाला कंटाळून एक अगदी हलकी पकड बनवली. बुटाच्या चवड्यात दोन बाजूंना दोन खळगे, आणि पकडीत दोन खिळे. खिळे खळग्यांत बसले की बूट त्यांच्यावर बिजागरीसारखा फिरतो. टाच उचलते, स्की मात्र बर्फावरच राहते. त्याआधीच्या प्रकारात टाचेबरोबर लोखंडी चौकटही दर पावलाला उचलावी लागे. हजारो पावलांत ते किती ओझे होते, ह्याचा हिशेब माथाडी कामगाराला सांगायला नको.

मग हलकी तीच घ्यावी काय? मुलगा म्हणाला, "काका, तसं नाही. आधी विचारायचं, मी जाणार कुठे?" चढ लांब असेल तर हलकी बरी. उतरणेच अधिक असेल आणि वेग जास्त असेल तर थोडी जड, पण सुटण्याची क्रिया अधिक भरवशाची अशी बरी. दुसरा प्रश्न बुटाचा. खळगे नसलेला बूट त्या खिळ्यांत बसतच नाही. म्हणून पकड आणि बूट एकमेकांस पाहून घ्यावे लागतात. तिसरा प्रश्न आकड्याचा. पकड किती जोराने सुटावी, हे एका स्क्रूने ठरवता येते. तो आकडा माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि त्याचे कौशल्य पाहून जाणकाराने लावायचा असतो. दुसऱ्याचा आकडा आपल्या पायाला लावणारा फसतो. फार सैल लावला तर भर उतारावर पाय अवेळी सुटतो, फार घट्ट लावला तर मोडतो. चौथा प्रश्न शिक्क्याचा. चढाईच्या पकडीसाठी १३९९२ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याच्या कसोटीला ती उतरली आहे की नाही, हे पाहावे.

एवढे सगळे जमले तरी काम संपत नाही. खिळ्यांच्या खाली, चापाच्या सांध्यात बर्फ साचतो आणि त्याचा दगड होतो. चाप मिटल्यासारखा दिसतो, पण पुरता मिटलेला नसतो. म्हणून दर वेळी टोकदार काडीने सांधा साफ करायचा, बूट अडकवायचा आणि मग पाय दोन-चार वेळा पुढे-मागे फिरवून खात्री करायची. आवाज झाला म्हणून बसला, असे समजायचे नाही. तसेच चढताना चवड्याची कळ कुलपासारखी लावता येते, म्हणजे पाय सुटतच नाही. उतरताना ती काढायला विसरला, तर पडताना पकड सोडणार नाही. आणि वरून हिमलोट आला तर पायाला अडकलेल्या स्की नांगरासारख्या माणसाला खाली ओढतील. मुलगा म्हणाला, "पकड चांगली असून माणूस मरतो, तो असा. घट्ट धरणारी पकड कोणीही बनवील. सोडायचं कधी, हे जिला कळतं ती खरी."

आमच्या कानांत तेव्हा वडिलांचा आवाज होता. आणि त्याच क्षणी आम्हांस दुसरी एक गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या शेडचे जुने पत्रे बदलायचे काम निघाले. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण आज येथे आम्ही दोष वाटायला उभे नाही, आणि वाटायचाच झाला तर त्यातला एक वाटा आमचा आहे. काम ठेकेदाराकडे होते, माणसे रोजंदारीची. आमच्या संघाने बोलणी करून मागणी मान्य करून घेतली, की छपरावर चढणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षा पट्टा मिळालाच पाहिजे. पट्टे आले. आम्ही मोजले. माणसे बारा, पट्टे बारा. आम्ही वहीत सही केली. त्या दिवशी आम्हांस विजय झाल्यासारखे वाटले होते, हेही कबूल करतो.

आठव्या की नवव्या दिवशी एक पोरगा जुन्या पत्र्यावर पाय पडून खाली गेला. पट्टा अंगात होता. आकडाही लावलेला होता. तो लावला होता विजेच्या तारा नेणाऱ्या एका पातळ पाइपाला, कारण त्या छपरावर आकडा लावायला दुसरी जागाच नव्हती. पाइप भिंतीतून निघून त्याच्याबरोबर खाली आला. पोरगा वाचला, पण कमरेखालचे अंग गेले. आम्ही इस्पितळात गेलो तेव्हा त्याने आमची समजूत घालावी तसे म्हटले, "भाऊ, पट्टा नाही हो तुटला. पाइप तुटला."

तो पट्टा आम्ही मागून घेतला. आज तो येथे मेजावर ठेवला आहे. कोठेही उसवलेला नाही. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा. हा कमरपट्टा आहे, हेही आम्हांस तेव्हा कळले नव्हते. उंचीवरून पडणारा माणूस नुसत्या कमरेत अडकला, तर झटका कण्याला आणि पोटाला बसतो. म्हणून आता मांड्या, छाती आणि खांदे धरणारा अंगभर पट्टा वापरतात. त्याचा दोर पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये अडकवतात, आणि दोरात झटका शोषून घेणारी, शिवण उसवत उलगडणारी एक घडी असते. भारतीय मानक ३५२१ ह्या पट्ट्यांसाठीच आहे. आम्ही संख्या मोजली होती. जात पाहिली नाही, जोडायची जागा पाहिली नाही. १९४८च्या कारखाना कायद्याच्या बत्तिसाव्या कलमात उंचीवर काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेची तरतूद होती, आणि ते कलम आम्हांस तोंडपाठ होते. कलम पाठ असून पाइप दिसला नाही.

त्यानंतर आम्ही वाचायला लागलो. वाचनालयात जे मिळाले ते वाचले, गिर्यारोहण करणाऱ्या मुलांना विचारले. कारण पुढे कळले की, दोर, आकडा आणि पट्टा ह्यांची खरी पारख गिर्यारोहकांनी केली आहे, आणि तीही माणसे गमावून.

१४ जुलै १८६५ रोजी युरोपातल्या मॅटरहॉर्न ह्या शिखरावर पहिल्यांदा माणसे चढली. सात जण होते. एडवर्ड व्हिंपर हा त्यांचा म्होरक्या. उतरताना एकाचा पाय घसरला, त्याच्याबरोबर तिघे ओढले गेले आणि मधला दोर तुटला. चौघे गेले, तिघे वाचले. व्हिंपरने नंतर स्वतःच लिहून ठेवले आहे की, त्यांच्याजवळ तीन प्रकारचे दोर होते आणि तुटला तो त्यांतला सर्वांत जुना व कमजोर. चांगला दोर बरोबर होता. फक्त त्या दोन माणसांच्या मध्ये तो बांधलेला नव्हता. तो तुटलेला दोर स्वित्झर्लंडमध्ये झेरमॅट गावच्या संग्रहालयात ठेवला आहे. आमच्या मेजावरच्या पट्ट्यापेक्षा त्याची कथा वेगळी, तरी अर्थ तोच. साधन असणे वेगळे आणि ते योग्य जागी असणे वेगळे.

तेव्हाचे दोर वाखाचे असत. नायलॉनचा शोध १९३५ सालचा; दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे दोर डोंगरावर आले. १९५३ साली जर्मनीत आत धाग्यांचा गाभा आणि वर विणलेले आवरण असा दोर निघाला. आज सर्वत्र तोच चालतो. त्यातही दोन जाती आहेत. एक ताणणारा. वर चढणारा माणूस पडला तर हा दोर रबरासारखा लांबतो आणि झटका गिळतो. दुसरा कमी ताणणारा. उतरण्यासाठी, ओझे खेचण्यासाठी हा बरा. जो उतरायचा दोर घेऊन पुढे चढतो, त्याला दोर तुटण्याचे भय नाही. न ताणणाऱ्या दोराचा झटका त्याचेच हाड मोडील. ताणणाऱ्या दोराची कसोटी अशी घेतात की, ऐंशी किलोचे वजन ठराविक उंचीवरून पुनःपुन्हा सोडायचे, निदान पाच वेळा दोराने ते झेलले पाहिजे, आणि पहिल्या झटक्याचा जोर बाराशे किलोंच्या वर जाता कामा नये. म्हणजे दोराने धरायचे तर आहेच, पण माणसाला मोडू न देता धरायचे आहे. लोखंडी कडीचीही तीच गोष्ट. गिर्यारोहणाची चांगली कडी लांबीच्या दिशेने सुमारे दोन हजार किलोंचा भार सोसते. तीच आडवी फिरली तर कसोटीत तिच्याकडून सातशेचीच अपेक्षा असते. वस्तू एकच, लावण्याची दिशा निराळी, आणि भरवसा तिसऱ्या हिश्शावर येतो.

हे सगळे लांबचे वाटत असेल, तर आपल्या अकोले तालुक्यात चला. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, हरिश्चंद्रगड आणि त्याचा कोकणकडा, रतनगड, साम्रदची सांधण दरी. कळसूबाईच्या वाटेवर आणि रतनगडावर लोखंडी शिड्या आहेत, त्यांवरून आपल्यापैकी अनेक जण चढले असतील. चढताना त्या शिडीचा खिळा कातळात कितपत घट्ट आहे, हे किती जणांनी हलवून पाहिले? आम्हीही पाहिले नव्हते.

संघाच्या तरुण कामगारांची एक सहल आम्ही सांधण दरीत नेली होती. उन्हाळा होता, पावसात तिथे जाणे म्हणजे मरणाला आमंत्रण. दरीच्या पुढच्या टोकाला दोरावरून उतरावे लागते. दोर लावणारा तिथलाच एक आदिवासी तरुण होता, विशीतला. उतरायला चाळीस माणसे रांगेत उभी. ऊन चढलेले, लोक कुरकुरायला लागलेले. हा पोरगा खाली बसून दोर बोटांमधून हातभर, हातभर सरकवीत होता. मध्ये एका जागी थांबला. पुन्हा मागे गेला. त्या जागी दोर दुमडून पाहिला. वरून आवरण धड होते, पण आतला गाभा मऊ पडला होता. चांगल्या दोराला दुमडले तर त्याचा गोल वेटोळा होतो, तिथे मात्र दोर कागदासारखा मोडत होता. त्याने खिशातून चाकू काढला आणि चाळीस माणसांच्या देखत तो दोर त्या जागी कापला. एका दोराचे दोन तोकडे तुकडे झाले. दुसरा पुरेसा लांब दोर त्या दिवशी नव्हता. आम्ही सगळे आल्या वाटेने परत फिरलो. काहींनी पैसे परत मागितले. त्याने ते दिले.

परतताना आम्ही त्याला विचारले, "नुसता बाजूला ठेवला असता तरी चाललं असतं. कापलास कशाला?" तो म्हणाला, "दादा, आख्खा ठेवला तर उद्या दुसरा कोणी वापरील. पैशाची तंगी असली तर मीच वापरीन."

श्रोतेहो, त्या मुलाने जे केले ते करायचे धैर्य आमच्यात त्या शेडखाली नव्हते. ते काम थांबवून आम्ही म्हटले असते की, आकडा लावायला जागा नाही, तोवर कोणी वर चढणार नाही, तर बारा माणसांची आठवड्याची मजुरी बुडाली असती, आणि तीच माणसे आमच्यावर रागावली असती. हा राग सोसण्याची तयारी हासुद्धा साधनांच्या निवडीचा भाग आहे, असे आम्ही आता समजतो.

तेव्हापासून आमच्या संघात एक पद्धत घालून घेतली आहे. पट्टा असो, दोर असो, कडी असो की बर्फावरची पकड असो, घेण्यापूर्वी आणि लावण्यापूर्वी पाच प्रश्न विचारायचे. ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न: जायचे कुठे आहे? कामाची जागा पाहिल्याशिवाय साधन घेऊ नये. अंगभर पट्ट्याचा दोर दोन मीटरच्या आसपास असतो, पडल्यावर झटक्याची घडी उलगडून आणखी मीटर-दीड मीटर जाते, खाली माणसाची स्वतःची उंची. म्हणजे पायाखाली पाच-सहा मीटर मोकळी जागा हवी. चार मीटर उंचीच्या शेडमध्ये तोच पट्टा माणसाला जमिनीवर आपटल्यानंतर धरील. तिथे छोटा किंवा आपोआप आखडणारा दोर हवा, नाही तर खाली जाळी हवी.

दुसरा: हे कशाला जोडणार? स्कीवाला आधी बूट पाहतो, गिर्यारोहक आधी कातळ पाहतो. आपण आधी तुळई पाहावी. पाइप, खिडकीची चौकट, पत्र्याचा हूक हे जोडायचे ठिकाण नव्हे.

तिसरा: हे सुटणार कसे? पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते आणि काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका होतो. पट्ट्याने झेलले म्हणजे माणूस वाचला, असे नाही. त्याला खाली कोण उतरवणार, कोणत्या शिडीने, किती वेळात, हे तो वर चढण्याआधी ठरलेले हवे. आम्ही अनेक ठेकेदारांना हा प्रश्न विचारतो. बहुतेक जण सांगतात, अग्निशामक दलाला फोन करू. फोन जरूर करावा, पण गाडी येईपर्यंत तो माणूस लटकतच राहणार.

चौथा: ह्यावर कसोटीचा शिक्का आहे काय, आणि जन्मतारीख काय? शिक्का नसलेली वस्तू स्वस्त मिळते, आणि तशी बाजारात पुष्कळ आहे. जुने साधन घेताना त्याचा इतिहास विचारावा. तेजाबाचा थेंब पडलेला नायलॉनचा दोर डोळ्यांना धड दिसतो आणि आतून गेलेला असतो. न वापरता ठेवलेला नायलॉनचा दोरही दहा वर्षांनी बाद करावा, असे तो बनवणारेच सांगतात. एकदा मोठा झटका खाल्लेला पट्टा पुन्हा वापरू नये. हा मेजावरचा पट्टा म्हणूनच फक्त दाखवायला ठेवला आहे.

पाचवा: आज सकाळी हे कोणी हाताळून पाहिले? कागदावरची सही दोर पाहत नाही. बोटे पाहतात. ज्याच्या अंगात पट्टा जाणार त्यानेच तो पाहावा, आणि नापास करण्याचा अधिकार त्यालाच असावा. त्या दिवसाची मजुरी त्याला मिळावी, हे मात्र आम्ही करारात लिहून घेतो. मजुरी बुडणार असेल तर कोणताही गरीब माणूस पट्टा नापास करीत नाही. सुरक्षिततेवरची पुष्कळ व्याख्याने आम्ही ऐकली. त्यांत मजुरीचा हा मुद्दा फार थोड्यांनी काढला.

काही जण म्हणतात, एवढा खर्च कोण करणार? उत्तर सोपे नाही, आणि सोपे आहे असे आम्ही सांगणार नाही. चांगला अंगभर पट्टा साध्या कमरपट्ट्याच्या कितीतरी पट महाग पडतो. छपरावर पक्की तार ओढून घ्यायची तर त्याचा वेगळा खर्च. लहान ठेकेदाराला तो जड जातो, हे आम्ही जाणतो, कारण आमचेच जुने सहकारी आज लहान ठेकेदार आहेत. म्हणून आम्ही म्हणतो, मालकाने कामाच्या अंदाजपत्रकातच तो खर्च वेगळा धरावा, म्हणजे कमी दराच्या चढाओढीत तो कापला जाणार नाही. आणि आपण नागरिक जेव्हा घराला रंग लावतो, पाण्याची टाकी बसवतो, तेव्हा आपणही मालकच असतो. दोन बांबू आणि एक सुंभ ह्यांवर चढलेल्या रंगाऱ्याला आपण खालून चहा पाठवतो. त्याने तो सुंभ कशाला बांधला आहे, हे विचारीत नाही.

दुसरे काही जण म्हणतात, ज्याचे त्याचे नशीब. त्यांना आम्ही वाद घालून उत्तर देत नाही. पट्टा हातात देतो आणि तो पोरगा काय म्हणाला ते सांगतो.

तो आज पाथर्डी रस्त्याला एक छोटे दुकान चालवतो. चाकाच्या खुर्चीवर बसून शिवणकाम करतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला म्हणालो की, पट्ट्यांच्या शिवणी उसवल्या तर तू शिवून दे, संघ मजुरी देईल. त्याने नकार दिला. म्हणाला, "भाऊ, पट्टा शिवायचा नसतो, टाकायचा असतो. हे तुम्हाला अजून कोणी सांगितलं नाही का?" खरोखर सांगितले नव्हते. आम्ही घरी येऊन पुस्तक उघडले. तो बरोबर होता. उसवलेला पट्टा घरी शिवून वापरू नये, असाच नियम आहे. संघाचे सुरक्षेचे वर्ग आता तो घेतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी संघाच्या कार्यालयात हा वर्ग असतो. सभासद असण्याची अट नाही. रंगारी, पत्रे बसवणारे, डोंगरावर जाणारी मुले, कोणीही आपला पट्टा, आपला दोर घेऊन यावे. तपासून दिला जाईल. बाद निघाला तर तिथेच कापला जाईल, आणि त्याबद्दल रागावायचे नाही, एवढी एकच अट आहे.

 मेजावरचा पट्टा आता पाहायला हरकत नाही. आकड्याकडे पाहून झाले की, त्यात अजून अडकलेल्या पाइपाच्या तुकड्याकडेही पाहावे.